सालात आहे म्हणून बाटलीत टिकेल असं नाही

मागच्या अंकात संत्र्याच्या सालाबद्दल लिहिताना मी एक ओळ लिहून गेले, की सालातल्या फिनॉलिक द्रव्यांमुळे काही बॅक्टेरियांची वाढ रोखली जाते. त्या एका ओळीवर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं अख्खं सदर त्यावरच करायचं ठरवलं. बऱ्याच जणांनी "वाढ रोखली जाते" याचा अर्थ "पदार्थ खराब होत नाही" असा घेतला, आणि यात चूक वाचकांची नाही, मी अर्धवट लिहिलं होतं. काहींनी त्यावर प्रयोगही करून टाकले, म्हणून आज नीट सांगते.

फिनॉलिक म्हणजे काय ते आधी दोन ओळीत. सहा कार्बनचं एक कडं आणि त्या कड्याला चिकटलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा जोड, एवढा सांगाडा ज्यात असतो ती सगळी ही मंडळी. आवळ्याचा तुरटपणा, हळदीचा रंग, लवंगेचा झणका, ओव्याचा वास, जांभळाने जांभळी झालेली जीभ, भिवापुरी मिरचीचा तिखटपणा, सगळ्यांच्या मुळाशी हेच कडं. झाड हे आपल्यासाठी नाही बनवत, स्वतःसाठी बनवतं, किडीपासून, बुरशीपासून, उन्हापासून वाचायला. आणि हे जंतू मारू शकतं हे माहीत होऊनही खूप काळ झाला, 1865 साली ग्लासगोत जोसेफ लिस्टर या सर्जनने जखमेवर वापरलेलं कार्बोलिक अ‍ॅसिड म्हणजे साधं फिनॉलच होतं. पण ते डांबरातून काढलेलं होतं आणि हाताची कातडीही सोलवटून काढायचं, हेही सोबत लक्षात ठेवायचं.

प्रश्न: मी घरून संत्रा बर्फी आणि स्क्वॅश करून विकते. सीझनमध्ये रोज आठ-दहा किलो सालं निघतात. तुमचं वाचून सालं वाळवून पावडर केली आणि स्क्वॅशमध्ये टाकली, म्हटलं केमिकल टाकायची गरज नको. पंधरा दिवसांनी बाटली उघडली तर फस्सकन आवाज आला, आणि स्क्वॅश कडूही लागून राहिला. काय चुकलं? (एक गृहउद्योजिका, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: ताई, आधी त्या बॅचच्या उरलेल्या बाटल्या विकू नका, आणि काचेच्या असतील तर सांभाळून, तोंडावर कपडा टाकून उघडा. फस्सकन आवाज म्हणजे आत यीस्टने साखर खाऊन गॅस केला आहे, तो दाब वाढत गेला तर बाटली फुटते.

आता सालाचं. संत्र्याच्या सालात दोन थर आहेत आणि दोघांचं सामान वेगळं आहे. वरच्या केशरी थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, साल मेणबत्तीजवळ दाबलं की तडतड ठिणग्या उडतात ना, ते ते तेल, त्यात बहुतांश लिमोनीन असतं, लिमोनिन नव्हे. (या दोन शब्दांचा घोळ पुढे सोडवते, आपल्या कडूपणाचं उत्तर त्यातच आहे.) हे तेल फिनॉलिक नाही. फिनॉलिक मुख्यतः आतल्या पांढऱ्या थरात, जो आपण बोटाने खरवडून फेकतो, आणि तिथलं मुख्य द्रव्य म्हणजे हेस्पेरिडिन. ते पहिल्यांदा 1828 मध्ये लेब्रेतों नावाच्या फ्रेंच केमिस्टने वेगळं काढलं. त्याचा स्वभाव असा की साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे तुमच्या बाटलीत ते होतं पण पावडरीतच अडकून तळाशी बसलेलं होतं.

लॅबमध्ये आम्ही ते काढतो तेव्हा सुक्या पावडरीत चुन्याचं पाणी घालून पीएच (आंबट-खारटपणाचं माप, कमी म्हणजे आंबट) 11 च्या वर नेतो, पाणी बघता बघता पिवळंधमक होतं, मग गाळायचं, आणि त्या पिवळ्या पाण्यात थेंब थेंब अ‍ॅसिड घालून पीएच 5 च्या खाली आणायचा. रंग फिका पडतो, पाणी गढूळ होतं, रात्रभर ठेवलं की सकाळी तळाशी मळकट पांढरा बारीक साका बसलेला असतो. तो साका बघायला मला अजूनही आवडतं. पण हा घरी करून स्क्वॅशमध्ये टाकायचा प्रकार नाही, आणि टाकला तरी तुमचं काम होणार नाही, कारण हेस्पेरिडिन जंतूंवर तसं कमजोरच, आणि स्क्वॅश बिघडवतात ते मुख्यतः बॅक्टेरिया नाहीतच, यीस्ट आणि बुरशी बिघडवतात. संत्र्याच्या टोपलीत तळाचं एक फळ हिरव्या भुकटीने माखलेलं निघतं की नाही? ती पेनिसिलियम बुरशी संत्र्या-मोसंबीवरच राहते, सालातलं सगळं सामान तिच्या ओळखीचं आहे. उलट न उकळलेल्या पावडरीसोबत तुम्ही बाटलीत यीस्टच सोडलं असण्याची शक्यता जास्त.

कडूपणा आता. तेलातलं लिमोनीन वासाचं, ते वेगळं. बियांमधून आणि फोडींच्या पापुद्र्यातून येणारं लिमोनिन कडू, नाव सारखं पण नातं नाही, आणि हे कडू लिमोनिनही फिनॉलिक नाही. ताज्या रसात ते कडू रूपात नसतंच, रस काढल्यावर रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू तयार होतं, म्हणून आपल्या संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड आणि काही तासांनी कडू. बिया चिरडतील असं मिक्सर फिरवू नका, हलक्या हाताने दाबून रस काढा आणि लगेच गाळा. सालाच्या पावडरीने कडूपणात भरच पडली असेल.

टिकवण्यासाठी काय करायचं ते सरळ सांगते. स्क्वॅशला नियमाने किमान 25 टक्के रस आणि 40 टक्के विद्राव्य घटक, म्हणजे साखर वगैरे, लागतात. त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला आपण केएमएस म्हणतो, त्याची मर्यादा सल्फर डायऑक्साइडच्या हिशोबाने 350 पीपीएम, म्हणजे किलोला 350 मिलिग्रॅम आहे, ते किलोला साधारण 0.6 ग्रॅम केएमएस होतं, त्यामुळे चिमटीने नाही, वजनकाट्यावर मोजूनच टाकायचं, आणि लेबलवर लिहायचं कारण दम्याच्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो. उद्या जांभळाचा किंवा कोकमाचा स्क्वॅश केला तर मात्र केएमएस नको, त्यांचा रंग अँथोसायनिन या फिनॉलिकचा असतो आणि केएमएस तो रंग उडवून टाकतं, तिथे सोडियम बेंझोएट. "केमिकल नको" ही तुमची भावना मला समजते, पण मोजून टाकलेलं केएमएस हे न मोजता टाकलेल्या सालापेक्षा गिऱ्हाइकासाठी सुरक्षित आहे, हे मी अगदी ठामपणे म्हणते.

आणि सालं फेकू नका हो. पांढरा थर थोडा ठेवून बारीक पट्ट्या कापा, दोन-तीन पाण्यात उकळून पाणी फेका, मग साखरेच्या पाकात मुरवा आणि वाळवा. तिथे टिकवायचं काम साखर करते, आणि तुमच्या बर्फीवर वरून लावायला त्याच्यासारखं काही नाही.

प्रश्न: भाजीपाला आणि सांभार (कोथिंबीर) हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवला तर सगळे जंतू मरतात असं यूट्यूबवर सांगून राहिले. खरं आहे का? (एक आजी, महाल)

उत्तर: नाही आजी. हळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे कुरक्युमिन, ते थंड पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. पाणी पिवळं दिसतं कारण हळदीचे कण त्यात तरंगत असतात. हळदीचं कुंकू कसं करायचे ते तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, चुना लागला की लाल, आणि पदराला पडलेला हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो तेही तेच. मसाल्यांमध्ये हळद मला सगळ्यात जवळची आहे, वर्धेकडच्या वायगावच्या हळदीचा डबा माझ्या घरात कायम असतो, पण भाजीसाठी वाहतं पाणी आणि हाताने चोळणं हेच खरं काम करतं. सांभाराच्या देठाजवळ माती अडकते ती दोन-तीन पाण्यात झटकून काढा, बस.

प्रश्न: मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. प्रोजेक्टमध्ये हिरडा, संत्र्याचं साल आणि हळद यांचे अर्क केले. हिरड्याचा झोन (अर्काच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोठा आला, सालाचा 7 मिलिमीटर, हळदीचा काहीच नाही. ई. कोलायवर तर तिन्हींचं फारसं काही नाही. फिनॉलिक मोजायच्या फोलिन टेस्टमध्ये आकडे चांगले आहेत. मॅडम म्हणतात परत कर. मी कुठे चुकून राहिली ते सांगाल का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: बेटा, तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण तू "झोन आला नाही" हे लपवलं नाहीस. हे उत्तर मोठं होणार आहे, बाकीच्या वाचकांनी हवं तर पुढे जावं.

अर्क कशात काढला ते तू लिहिलं नाहीस, आणि निम्मी गोष्ट तिथेच ठरते. नुसत्या पाण्यात काढला तर साखर, प्रोटीन आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइमही सोबत येतं, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ते याच एन्झाइमने, म्हणजे तू काढलेलं फिनॉलिक तुझ्याच फ्लास्कमध्ये खराब होत राहतं. नुसत्या शुद्ध अल्कोहोलमध्ये काढला तर सुक्या पावडरीच्या पेशी फुगत नाहीत आणि आतला माल आतच राहतो. म्हणून मिश्रण, इथेनॉल 60-70 टक्के आणि बाकी पाणी, बऱ्याच वनस्पतींसाठी तिथून सुरुवात केलेली चांगली. खाण्याच्या कामाचा विचार असेल तर मिथेनॉल टाळच, ते विषारी आहे, शेवटी थोडं जरी राहिलं तरी तो अर्क खाद्यपदार्थात वापरता येत नाही. वाळवताना 40-50 अंशांच्या वर नेऊ नकोस, पावडर सारखी दळ, अंधारात ठेव. अल्ट्रासाउंड बाथ असेल तर तासांचं काम मिनिटांवर येतं कारण त्याने पेशींच्या भिंती फुटतात, पण पाण्यात बर्फ टाकत राहा, ते यंत्र नकळत गरम होतं.

फोलिनच्या आकड्यावर एवढी खूश होऊ नकोस. पिवळं रिएजंट, मग सोडियम कार्बोनेट, मग तो सुंदर निळा रंग आणि 765 नॅनोमीटरवर रीडिंग, सगळं बरोबर, पण ते रिएजंट फिनॉलिकला ओळखत नाही, इलेक्ट्रॉन देणाऱ्या कोणालाही निळं करतं. संत्र्याच्या सालात व्हिटॅमिन सी आहे, साखर आहे, तेही त्या आकड्यात बसलेत. गॅलिक अ‍ॅसिडच्या हिशोबात अमुक मिलिग्रॅम असं लिहितेस ते लिही, पण "एवढं फिनॉलिक आहे" असं वाक्य लिहू नकोस.

आता झोन. तुझी डिस्क 6 मिलिमीटरची असेल, झोन मोजताना डिस्क धरून मोजतात, म्हणजे 7 मिलिमीटर म्हणजे खरं तर काहीच नाही, दोन्हीकडे अर्धा अर्धा मिलिमीटर. आणि हळदीचा झोन नाही याचा अर्थ कुरक्युमिन काहीच करत नाही असाही नाही, ते पाण्याच्या अगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, सरकतच नाही, डिस्कखाली पिवळा ठिपका होऊन बसतं, प्लेट उलटी करून बघ. झोनमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, द्रव्य किती जोरदार आहे आणि ते अगरमधून किती पळतं. हिरड्याच्या मोठ्या झोनचीही मला शंका आहे, टॅनिन (तुरट फिनॉलिक) भरपूर असलेल्या हिरड्याचा अर्क आंबट असतो, पीएच मोजलास का? तेवढ्याच पीएचचं नुसतं आम्लाचं पाणी डिस्कवर लावून बघ, त्याचाही झोन आला तर हिशोब बदलतो. ज्या सॉल्व्हंटमध्ये अर्क विरघळवलास त्याची रिकामी डिस्क तर हवीच हवी.

परत करायचंच आहे तर या वेळी ब्रॉथमध्ये (पातळ पोषक द्रावणात) एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण, काढ. 96 खड्ड्यांची प्लेट, दर खड्ड्यात अर्क निम्मा निम्मा पातळ करत जायचा, आणि शेवटी मिलिलिटरला साधारण 5 लाख जंतू पडतील एवढं कल्चर. अर्काच्या रंगामुळे गढूळपणा दिसत नाही, तेव्हा रेझाझुरिन हा रंग टाक, जंतू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं. पण इथे एक खाच आहे जी माझ्या हाताखालच्या मुलांनी हमखास विसरली: फिनॉलिक स्वतःच रेझाझुरिनला गुलाबी करू शकतं. म्हणून अर्क आणि रंग, पण जंतू नाहीत, असे खड्डे ठेवायचेच. ते गुलाबी झाले तर त्या प्लेटवर विश्वास ठेवू नकोस, खड्ड्यातला थेंब अगरवर लावून कॉलनी मोज.

ई. कोलायचं मात्र तुझं काही चुकलं नाही. तो ग्रॅम निगेटिव्ह गटातला, आणि अशा जंतूला पेशीच्या बाहेर अजून एक आवरण असतं, आणि फिनॉलिक तिथेच अडतात. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्हला ते कवच नाही, तिथे फिनॉलिक पेशीच्या पडद्यात घुसतात, पडदा गळायला लागतो, आतलं पोटॅशियम बाहेर येतं, टॅनिन तर लोखंडच बांधून ठेवतं म्हणजे जंतूची उपासमार. हा फरक येणं म्हणजे तुझा प्रयोग बरोबर दिशेने आहे.

आणि जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत तुलना लिहिणार असशील तर युनिट तपास. ते मायक्रोग्रॅममध्ये काम करतं आणि आपले कच्चे अर्क मिलिग्रॅममध्ये, मध्ये 1000 पटीचा फरक आहे. "अर्क अँटिबायोटिकइतकाच प्रभावी" हे वाक्य नुसत्या झोनवरून मी कोणाच्या थिसिसमध्ये राहू देत नाही. प्लेटा फेकायच्या आधी 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह कर, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक कर, हे सांगायची गरज नसावी पण सांगते.

प्रश्न: आमचं सावजीचं छोटं भोजनालय आहे. मसाल्यात लवंग, दालचिनी, दगडफूल, जायपत्री सगळं असतं, तेलही सढळ. आमचे वडील म्हणायचे सावजी रस्सा रात्रभर बाहेर राहिला तरी खराब होत नाही, मसालाच त्याला राखतो. आता फूड इन्स्पेक्शनमध्ये विचारून राहिले म्हणून विचारतो, याला सायन्स आहे का? (एक भोजनालयवाले भाऊ, गोळीबार चौक)

उत्तर: भाऊ, तुमच्या वडिलांच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं, ते पक्कं फिनॉलिक, दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात भरतात तेच. दालचिनीतलं मुख्य द्रव्य फिनॉलिक नाही पण जंतूंवर तेही कडक. हे दोन्ही टेस्ट ट्यूबमध्ये छान काम करतात.

पण टेस्ट ट्यूबमध्ये तर्री नसते. युजेनॉल तेलात जातं आणि तेलातच राहतं, वरचा तो लाल तवंग आहे ना, लवंगेचा निम्म्याहून जास्त जोर त्यात, आणि जंतू खाली मटणाच्या पाणीदार रस्स्यात. उरलेलं मटणाच्या प्रोटीनला चिकटतं. तेवढ्याने जंतू थांबवायचे तर लवंग एवढी टाकावी लागेल की पहिल्या घासाला जीभ बधिर होईल.

आणि खरा धोका वेगळाच आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा बॅक्टेरिया मांसाच्या मोठ्या पातेल्यांत होतो, त्याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. रस्सा शिजल्यावर गॅस बंद केला की पातेल्यातली हवा तर उकळताना निघून गेलेली असते, आणि याला हवा नकोच असते. तो सगळ्यात वेगाने कधी वाढतो माहीत आहे? 43 ते 45 अंशांच्या आसपास, तेव्हा दहा मिनिटांच्या आसपास एकाचे दोन होतात. आता मे महिन्यातलं नागपूर आठवा. बाहेर 45, भटारखान्यात त्याहून जास्त, आणि 20 लिटरचं पातेलं झाकण ठेवून कोपऱ्यात. ते रात्रभर त्याच तापमानात रेंगाळतं. वासही येत नाही, चवही बदलत नाही, मसाल्याखाली तर काहीच कळत नाही, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं पोट तेवढं बिघडतं.

वडिलांच्या काळी रस्सा त्या त्या वेळेपुरता व्हायचा आणि शेगडीवर मंद उकळत असायचा, माझ्या मते टिकायचं ते त्या उकळीमुळे. तुम्हीही तेच करा, वाढायचा रस्सा 60 अंशांच्या वर गरम ठेवा, उरलेला पसरट भांड्यांत दोन-तीन इंचाचा थर करून थंड करा, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवा, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये 5 अंशांखाली. परत देताना नुसता कोमट नाही, खळखळ उकळी आणून. एक प्रोब थर्मामीटर विकत घ्या, आणि पुढच्या वेळी इन्स्पेक्टरसमोर मसाल्याची नाही, थर्मामीटर आणि टेम्परेचरच्या वहीची गोष्ट करा.

प्रश्न: हिमोग्लोबिन 8 आलं. गोळ्या सुरू आहेत, पालक-मेथी रोज खाते, तरी वाढत नाही. जेवण झालं की मला चहा लागतोच. त्याचा संबंध आहे का? (एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर: ताई, असू शकतो. लोखंडी विळीवर आवळा चिरला की विळी आणि आवळा दोन्ही काळे पडतात बघा, ते टॅनिनने लोखंड धरलेलं असतं, जुन्या काळची शाईही अशीच व्हायची. चहातले फिनॉलिक तुमच्या पोटात पालकातल्या लोहासोबत हेच करतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. त्या फिनॉलिकच्या एका गटाला कॅटेचिन म्हणतात आणि हे नाव आपल्या पानातल्या कातावरून पडलं आहे, तेव्हा जेवणानंतरच्या पानाचीही तीच गत, सुपारी तर तशीही सोडाच, ती कॅन्सरला कारण ठरते हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. चहा बंद करा म्हणत नाही, चहा आणि जेवण, तसंच चहा आणि गोळी यांच्या मध्ये एक-दोन तास सोडा, आणि भाजीवर लिंबू पिळा. पण 8 हा आकडा नुसत्या चहाचा नसतो, पाळीत जास्त जातं का, पोटात जंत आहेत का, हे डॉक्टरांना विचारून तपासून घ्या, थांबू नका.

प्रश्न: काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. दर वर्षी आंबिया बहाराची (हिवाळा संपता संपता फुलणाऱ्या पिकाची) गळ होते, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. ती फळं कोणी घेत नाही. मुलगा म्हणतो यातून औषधी काढतात, वाळवून विकू. यात काही दम आहे का? (एक शेतकरी)

उत्तर: काका, तुमच्या मुलाने बरोबर ऐकलं आहे. हेस्पेरिडिन पिकलेल्या संत्र्यापेक्षा लहान हिरव्या फळात वजनाच्या मानाने कितीतरी जास्त असतं, फळ मोठं होत जातं तसं ते पसरून पातळ होतं. औषध कंपन्यांचा कच्चा माल म्हणजे अशीच वाळवलेली छोटी फळं, त्यातून हेस्पेरिडिन काढतात आणि त्यापासून डायोस्मिन बनवतात, मूळव्याधीच्या आणि पायाच्या फुगलेल्या शिरांच्या गोळ्यांत ते असतं. तेव्हा त्या सड्यात दम आहे. झाडाखाली कुजत पडलेली ती फळं मी दर वर्षी बघते आणि मला खरंच वाईट वाटतं.

पण सगळी गळ एक नाही. सुरुवातीला गोटीएवढी, लिंबाएवढी फळं झाडाला झेपत नाहीत म्हणून पडतात, ती कडक आणि स्वच्छ असतात, ती आपल्या कामाची. नंतर पावसात पडतात ती बऱ्याचदा बुरशीने देठाजवळ कुजलेली किंवा पतंगाने भोक पाडून रस शोषलेली, ती वाळवायला घेऊ नका, बागेतही ठेवू नका, रोग तिथूनच पुढे जातो, खड्डा करून पुरून टाका. दुसरं, फवारणी. फळ वाळलं की पाणी जातं आणि औषधाचा अंश तेवढ्याच वजनात घट्ट होतो, घेणारा आधी तेच तपासेल, म्हणून कोणत्या तारखेला काय फवारलं याची वही ठेवा.

पिशवीभर मालाला कोणी विचारणार नाही, त्यांना टनात लागतो, तेव्हा गावातल्या आठ-दहा बागा मिळून करायचं. आणि वाळवायला सुरुवात करायच्या आधी नागपुरात अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेत एकदा जाऊन या, 1985 पासून ती याच पिकावर काम करत आहे. सोबत दोन किलो गळीची फळं घेऊन जा, आणि फवारणीची वहीही.

वाळवण्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही लॅबसाठी तीन पोती सालं वाळवली, वरून कडक लागली म्हणून मी पोती शिवून टाकली. महिन्याने उघडली तर मधोमध हिरवी भुकटी आणि कुबट वास, तिन्ही पोती फेकावी लागली, त्या वर्षीचं काम तिथेच बसलं. वरून कडक होती पण आत ओल राहिली होती. म्हणून आता मी फळाचे चार काप करायला लावते, जाळीच्या रॅकवर एकच थर, वरून छत, खालून वारा. तुम्ही आंबियाची गळ वाळवताना पावसाळा लागला तर उन्हाच्या भरवशावर राहू नका, पंखा किंवा सोलर ड्रायर लागेलच. आणि पोतं शिवायच्या आधी मधला एक काप काढून मोडून बघा, पापडासारखा कट्टकन मोडला पाहिजे, वाकला तर परत रॅकवर.